कॅनडा-पनामाची हजेरी

आपण मेलो आहोत, हे कोमाद्रे ओतिलियाला न्हाव्याच्या दुकानात कळलं.

त्या सकाळी तर ती चांगली जिवंत होती. पहाटे उठून तिने युकाचे कंद किसले, पिळले, चुलीवरच्या रुंद तव्यावर कासाबेच्या भाकऱ्या भाजल्या, धुराला शिव्या दिल्या, मला कॉफी दिली आणि कॉफीबरोबर टोमणेही दिले. माझ्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातावर घेतलं होतं. तेव्हापासून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोम्पाद्रे. आमच्या डोंगरात माणूस एक वेळ सख्ख्या भावाला उलट बोलेल, कोमाद्रेला नाही.

ओतिलियाने लग्न केलं नाही, पण ती एकटी कधीच नव्हती. तिच्याकडे रेडिओ होता. ऐकायचा नव्हे, बोलायचा. परीक्षा देऊन त्याचा परवाना मिळवलेला. दर रविवारी सकाळी, धुकं खोऱ्यात अजून झोपलेलं असायचं तेव्हा, देशभरचे असे रेडिओवाले हवेत जमायचे. त्या जमण्याला ते रुएदा म्हणतात, म्हणजे चाक. सान्तियागोचे डॉन एर्मोहेनेस हजेरी घेत, ज्याची हाक येईल तो बोले, आणि चाक पुढे फिरे. परवान्यातली अक्षरं ते देशांच्या नावांनी सांगत, म्हणून हवेत सगळे तिला 'कॅनडा-पनामा' म्हणायचे. मोन्सिओनच्या बाजारापलीकडे पाऊल न टाकलेली बाई! हाक आली की ती आधी हात पुसायची, केस सारखे करायची, मगच बोलायची. जणू ते सगळे तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते.

मग एका रविवारी वीज पडली. कोमाद्रे माइकात सांगत होती, "इकडे आभाळ भरून आलंय, पण मी तर..." आणि कडाड्! झाडावरची अँटेनाची तार वितळली, रेडिओतून निळा धूर निघाला, रेडिओवाल्यांनी पाठवलेली जुनी कार्डं, त्यांचे पत्ते सगळं जळालं. कोमाद्रेच्या फक्त भुवया गेल्या. पुढे बरेच दिवस ती कोळशाने भुवया काढायची, आणि त्या रोज वेगळ्या निघायच्या. कधी रागावलेल्या, कधी चकित झालेल्या. आज तिचा नूर कसा आहे हे आम्हाला तिच्या कपाळावरूनच समजायचं, आणि नेहमी चुकीचं समजायचं.

गावात फोन नव्हता. रविवार येत आणि ती जळक्या रेडिओसमोर हात पुसून बसे. मला ते बघवेना. मग त्या शनिवारी बाजारात कासाबे उतरवताना न्हाव्याच्या काचेवर मला चिठ्ठी दिसली: 'रेडिओ विकणे आहे. बोलायचा. हातात धरून नेण्याजोगा. कारण: मुलगी.' मी तिला दंडाला धरूनच तिकडे नेलं.

न्हावी डॉन नेमेसियो एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल करून दुसऱ्याला साबण लावत होता.

"कारण मुलगी म्हणजे काय?" कोमाद्रेने विचारलं.

"मुलगी मला राजधानीत नेतेय. सहाव्या मजल्यावर. तिथे अँटेनाला जागा नाही, कोंबडीला जागा नाही, मलाही जेमतेम. तुम्ही परवानावाल्या आहात का, दोन्या? नसाल तर देणार नाही."

'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हटल्यावर तिने मान ताठ केली आणि परवान्याची सगळी अक्षरं म्हटली. शेवटी, "कॅनडा-पनामा."

डॉन नेमेसियोच्या हातातला ब्रश गिऱ्हाइकाच्या तोंडातच गेला.

"हेसूस, मारिया! अहो, तुम्ही तर वारलात!"

"मी? कधी?"

"वीज पडून! आम्ही सगळ्यांनी ऐकलं. 'पण मी तर', आणि कडाड्! मी इथे गुडघ्यांवर बसलो होतो, बाई. ओळीने तीन रविवार तुमचं उत्तर नाही. उद्या रुएदात तुमची शांतता आहे."

ही त्या लोकांची जुनी चाल. कुणी गेलं की सगळे एक मिनिट हवेत गप्प राहतात. त्या मिनिटात माइकचं बटण दाबणं म्हणजे अंत्ययात्रेत शिट्टी वाजवण्यासारखं. मग जाणाऱ्याला तीन हाका मारतात, उत्तर येत नाही, आणि त्याचं नाव हजेरीतून कायमचं काढतात. आजवर किती जणांसाठी कोमाद्रे स्वतः अशी गप्प बसली होती.

"माझं नाव काढणार?" तिच्या कोळशाच्या भुवया त्या दिवशी हसऱ्या निघाल्या होत्या, पण त्यांच्याखालचे डोळे भरले. "माझी जागा?"

"तुमच्यानंतरचा तो बानीचा मिठागरवाला पुढे सरकेल."

"तो! त्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत! काढा तो रेडिओ."

गिऱ्हाईक साबणातून म्हणालं, "आणि माझी दाढी?"

"गप रे! इथे माणूस मेलंय!"

रेडिओ पावाच्या लादीएवढा होता, वर धरायला कडी, एक कोपरा चेपलेला. कोमाद्रेने आधी त्याला नाक लावलं. जुना रेडिओ घेताना हे करायचंच, आतलं काही जळलेलं असेल तर वास लपत नाही. तिने मागून हुंगलं, खालून हुंगलं.

"दाढीच्या बे रमचा वास येतोय."

"न्हाव्याचा रेडिओ आहे, दोन्या. जळका येतोय का?"

"नाही."

"मग?"

"मग मेलेल्या बाईला सूट किती?"

डॉन नेमेसियोने किंमत उतरवली आणि वर जाड केबलचं भेंडोळं फुकट दिलं. एवढंच म्हणाला, "बॅटरी माझ्याकडे नाही, अँटेनाची तार मी उतरवून विकली. नाहीतर इथूनच बोललो असतो."

"इथून नको," कोमाद्रे म्हणाली. "मी माझ्या डोंगरावर मेलेय. तिथूनच उठेन."

परतीच्या वाटेवर तिने रेडिओ मांडीवर धरला होता. माझी पिकअप खड्ड्यात गेली की ती माझ्या खांद्यावर चापट मारायची आणि लगेच हसायची. मीही हसत होतो. का, ते विचारू नका. तशी दुपार माणसाला क्वचितच मिळते: डोंगर हिरवेगार, ऊन तुपासारखं, आणि शेजारी एक मेलेली बाई गाणं म्हणतेय.

बॅटरीची चिंता नव्हती, ती पिकअपमध्ये होती. म्हातारी होती एवढंच. माझी गाडी चावीने कधीच सुरू व्हायची नाही, उतारावरून ढकलावी लागे. चिंता तारेची होती. अख्ख्या वाडीत तेवढी लांब तांब्याची तार एकच, शेजारीण चेला हिची, कपडे वाळत घालायची. मीच कधीतरी बांधून दिलेली. आणि शनिवार हा चेलाचा धुण्याचा दिवस.

"कपडे सुकल्याशिवाय तार मिळणार नाही," चेला म्हणाली.

"चेला, उद्या माझी शांतता आहे!"

"उद्या आहे ना? मग उद्यापर्यंत सुकतील."

संध्याकाळी एकदाचे कपडे निघाले. कोमाद्रेने हात पसरून पसरून तार मापली, मधोमध तोडली, तिथे केबल जोडली. तारेची टोकं झाडाला उघडी टेकू द्यायची नसतात. मध्ये वीज न वाहणारं काहीतरी हवं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्या पायांवर येऊन थांबली. माझ्या रबरी चपला गेल्या.

पहाटे मी अनवाणी आंब्यावर चढलो, मग अवोकाडोवर. तार ताणली आणि खालून चेला किंचाळली, "माझा परकर!" अंधारात एक परकर तारेवरच राहिला होता. फुलाफुलांचा. तो आता सगळ्या वाडीच्या वर, देशाचा झेंडा फडकावा तसा फडकत होता.

"राहू द्या," कोमाद्रे म्हणाली. "वेळ नाही."

ती गाडीत बसली. रेडिओ मांडीवर, बॅटरीच्या तारा बॉनेटखालून, केबल खिडकीतून. तिने बटण फिरवलं. दिवा लागला, मधासारखा पिवळा. खरखर झाली, आणि खरखरीतून डॉन एर्मोहेनेस यांचा जाड आवाज आला: "...आपली कॅनडा-पनामा. मित्रांनो, शांतता."

आणि हवा गप्प झाली.

"बोला!" मी म्हणालो.

तिने मान हलवली.

"अहो कोमाद्रे, बॅटरी उतरतेय! बोला ना!"

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. हात धुतलेला होता, तरी त्याला युकाचा वास होता. नुसती मंद सळसळ ऐकू येत होती. त्या सळसळीत किती माणसं बसली होती कोण जाणे, समुद्राकडची, उसाच्या मळ्यांतली, शहरांच्या गच्च्यांवरची. सगळी तिच्यासाठी तोंड मिटून. कोंबडाही आरवला नाही. कोमाद्रेच्या गालांवरून पाणी आलं, आणि वाटेत भुवयांचा काळा रंग घेऊन खाली उतरलं.

"माझ्यासाठी आहे हो हे," ती कुजबुजली. "मध्ये कशी बोलू?"

मिनिट संपलं. "कॅनडा-पनामा," डॉन एर्मोहेनेस यांनी पहिली हाक मारली. दिव्याचा पिवळा आता तांबूस झाला होता. तिने हात पुसले. दुसरी हाक. तिने केस सारखे केले. मी स्वतःचे उपटायच्या बेतात होतो. तिसरी हाक.

"हजर," कोमाद्रे म्हणाली.

हवेत काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुतेक डॉन एर्मोहेनेसच. मग ते गरजले, "कोण आहे ते? लाज नाही वाटत? मेलेल्या बाईची थट्टा?"

"थट्टा तुमच्या गुडघ्याची करीन, डॉन एर्मोहेनेस! एरंडाचं तेल लावा म्हणून सांगून थकले. लावलं का?"

"...नाही."

"वाटलंच."

मग जो काही गलका झाला! एकाच वेळी सगळे बोलत होते, शिट्ट्या, रडणं, कुणीतरी गिटार छेडलं. मिठागरवाला ओरडत होता, "मी पुढे सरकलोच नव्हतो! दोन्या, मी नको म्हणालो होतो!"

"ऐका, ऐका," कोमाद्रेने बटण दाबलं. "त्या दिवशी मी सांगत होते, इकडे आभाळ भरून आलंय, पण मी तर..."

दिवा विझला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आता भुवया उरल्याच नव्हत्या.

"कोम्पाद्रे," ती हळूच म्हणाली, "मी पुन्हा मेले."

मी केबल उपटली आणि हँडब्रेक सोडला. चेला मागून ढकलायला धावली, एवढं मात्र तिचं कबूल केलं पाहिजे. पिकअप उतारावरून कोमाद्रेसकट, रेडिओसकट, किंचाळीसकट सुटली. कोपऱ्यावर इंजिन खोकलं, पेटलं, आणि मी उलट्या गिअरमध्ये कोंबड्या उडवत वर आलो. केबल लावली. इंजिन चालू ठेवलं. दिवा पुन्हा पिवळा झाला.

"...देवाला हेच मंजूर होतं," डॉन एर्मोहेनेस हुंदके देत होते. "एकदा भेटून गेली. मित्रांनो, पुन्हा एक..."

या वेळी तिने हात पुसले नाहीत, केसही सारखे केले नाहीत.

"खबरदार कुणी गप्प बसलात तर!"

"दोन्या! मागे ही गुरगुर कसली?"

"माझा कोम्पाद्रे आहे. त्याला आत्ताच सुरू केलाय."

"तुमचं नाव हजेरीत ठेवतो, दोन्या. जागाही तीच. पण आधी ते सांगा! एवढे रविवार आम्ही डोकं फोडतोय. 'पण मी तर' काय?"

वर परकर फडफडला. कोमाद्रे आरामात मागे टेकून बसली.

"काय म्हणजे? पण मी तर वाळत घातलेलं कासाबे आधीच आत घेतलं होतं."