हजेरीमामांची मागची रांग

हजेरीमामा रोज सकाळी मेलेल्या माणसांची हजेरी घ्यायचे. डोक्याला टॉवेल, हातात खराटा. कॅथलिकांच्या त्या जुन्या कब्रस्तानात पहिल्या थडग्यापासून शेवटच्या थडग्यापर्यंत झाडत जायचे आणि एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचे. "अंतोन बँडमास्तर!" म्हणायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "हाय." "सिस्टर आग्नेस!" "हाय." "खानसामा पेद्रू!" "हाय." भिंतीपलीकडून जाणाऱ्या दूधवाल्यांना सवय झाली होती. नवखा कुणी असला की गाडी थांबवून भिंतीवरून डोकावायचा. मामा त्याला म्हणायचे, "तुमचं नाव न्हाय हितं. जावा निवांत."

माणूस येडा नव्हता. त्या दगडांवरची अक्षरं शिशाची, खाचेत ठोकून बसवलेली. शिशाला मोल येतं, म्हणून चोरांनी ती उचकटून नेली होती. कितीतरी दगडांवर नुसती बारीक भोकं उरली होती. जुनं रजिस्टर वाळवीनं खाल्लं होतं. मामांना तर लिहायला वाचायला येत नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही तिथंच राखण केली होती आणि रांगेनं सगळी नावं पोराकडून पाठ करून घेतली होती, आपण पाढे करतो तशी. मामा म्हणायचे, "चोर अक्षरं न्हेतील. माझं त्वांड कोण न्हेतंय?"

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर कंटाळला म्हणून. पण माझ्या ओळंब्याला नाव ठेवायची कोल्हापुरात कुणाची टाप नव्हती, हे आजही सांगतो. कब्रस्तानाची मागची भिंत पडली म्हणून फादरांनी मला बोलावलं. भिंत उभी केली. जाता जाता एका थडग्याचा चौथरा उकललेला दिसला, म्हटलं हाताबरोबर हेही करून टाकू. सिमेंट भरलं, पाणी प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर मामा गुडघ्यावर बसून माझं ओलं सिमेंट बोटांनी उकरून काढतायत.

"ओ मामा! काय चाललंय?"

"उपसा ह्यो चिखूल."

"चिखूल? पन्नास वर्सं हालायचं न्हाय ते!"

"म्हणूनच नको. दगडाला घाम येतोय मेस्त्री. त्यो बाहीर जाया पायजे. तुमच्या शिमिटात त्यो कोंडतोय, मग दगूड आतनं सोलपाटतोय."

माझ्या कामाला चिखल म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. थापी पिशवीत टाकली आणि मजुरीही न घेता घरी आलो. दोन दिवसांनी मामा सायकलवरून दारात. हातात जुन्या चुन्याचं एक ढेकूळ. पायरीवर ठेवलं आणि म्हणाले, "हातोडी मारा." मारली. हातोडी उडाली, ढेकळाचा टवका निघाला नाही. मी परत मारली. बायको आतून बघत होती, म्हणून तिसऱ्यांदाही मारली. मग हातोडी खाली ठेवली.

चुना, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा. किती दिवस भिजवायचं, किती मळायचं, सगळं मामांनी शिकवलं. "गुळाला काय तोटा हाय व्हय आपल्यात?" म्हणायचे. पन्नाशी उलटलेल्या मेस्त्रीनं खराटेवाल्याकडून चुना शिकायचा, लोक हसले. मी हसू दिलं. पहिला चौथरा मामांच्या पद्धतीनं भरला, आणि सहा महिन्यांनी त्यावर हात ठेवला तेव्हा मला माझंच काम ओळखू येईना. वाटलं हे माझ्या आज्यानं केलं असावं.

मेलेल्यांना मामा पावणं म्हणायचे. थडग्यावरून कधी ढांग टाकली नाही. दोन थडग्यांमध्ये वीतभर वाट असली तरी अंग तिरकं करून जायचे. मला म्हणायचे, "पावणं झोपल्यात. वलांडू नगासा." गड्यांनी घमेलं आपटलं तर ओठांवर बोट. आधी मला हसू यायचं. नंतर नंतर मीही तिरका चालायला लागलो. घरीसुद्धा.

एकदा मात्र मी पुरता फसलो. ट्रकच्या पाट्या बघून बघून मला इंग्रजीची मोठी अक्षरं तेवढी येतात. दगडावरची अक्षरं जोडून वाचली आणि मामांना विचारलं, "हे रिप म्हणजे तुमच्यातलं मोठं घराणं दिसतंय. जिकडं बघंल तिकडं रिप. इनामदार होते काय?"

मामा खराटा टाकून खाली बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आवो, आडनाव न्हाय ते! फादरांनी सांगिटलंय मला. त्याचा अर्थ, निवांत पडा. आता कोण उठवणार न्हाय." तेव्हापासून मी आलो की फाटकातून ओरडायचे, "या रिपसरकार!" मला राग यायचा. पण दुसऱ्या दिवशी परत जायचो.

मग ती मागच्या रांगेची गोष्ट निघाली. कब्रस्तान भरलं होतं. चारी बाजूंनी इमारती, वाढायला जागा नाही. कमिटीच्या सेक्रेटरींनी मोबाईलवर फोटो काढले आणि यादी केली. सगळ्यात जुनी मागची रांग, बारा थडगी, नावं गेलेली, कुणी येत नाही, जात नाही. ती उघडायची, हाडं प्रार्थना करून एका जागी ठेवायची आणि जागा मोकळी करायची. त्यांच्यात तशी रीत आहे, पाप नाही. फादर काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मामा, उद्या कुणाच्या घरात माणूस गेला तर मी त्याला कुठं ठेवू?"

मामा म्हणाले, "दगडावर लिवून दिलंयसा, निवांत पडा. आन आता उठवायला लागलासा?"

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण त्यांचं आहे कोण?"

"मी हाय की."

"तुम्ही पगारी."

हे बोलणं मामांना लागलं. फादरांनी मधला मार्ग काढला. दोन नोव्हेंबरला त्यांच्यात मृतांचा दिवस असतो. घरचे लोक येतात, थडगी धुतात, मेणबत्त्या लावतात. त्या दिवशी मागच्या रांगेत ज्याच्यापाशी माणूस उभा राहील ते थडगं राहील. ज्याला कुणी नाही ते उघडायचं. दोन महिने हातात होते.

मामांनी सायकल काढली. सत्तरी पार केलेला माणूस, कुठं कागल, कुठं जयसिंगपूर. नावं पाठ होतीच, त्यांच्यामागची माणसंही बापानं सांगून ठेवलेली. लग्नाच्या बँडवाल्यांकडं गेले आणि विचारलं, "तुमच्या पणज्याला कार्नेट वाजवायला कुणी शिकवलं?" घरातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, संस्थानच्या बँडात एक गोव्याचा मास्तर होता, अंतोन. मामा म्हणाले, "त्येला उठवायला लागल्यात. येतासा का?" एका पेठेतल्या जैन बाईंकडं गेले. त्यांच्या आजीला पटकीतून सिस्टर आग्नेसनं वाचवलं होतं. एका खानावळवाल्याला जाऊन म्हणाले, "तुमचा पांढरा रस्सा ज्येच्याकडनं आला, त्यो पेद्रू आमच्याकडं हाय." कुणी हाकललंही. एकानं कुत्रं सोडलं. मामा पोटरीला फडकं बांधून पुढच्या घरी.

मला मात्र त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघत होतो, आणि मी काय आपणहून विचारणारा माणूस नव्हे.

दोन नोव्हेंबरची संध्याकाळ झाली. मागच्या रांगेत पहिल्यांदा खानावळवाला आला, दोन्ही पोरांना घेऊन. मग जैन बाई, पायातलं बाहेर काढून. मग आणखी कोण कोण. टोप्या, पदर, एक बुरखाही. मग बँडवाले आले, लाल कोट घालून, पितळ चकाकतंय. अंतोन मास्तरासमोर उभे राहिले. त्यांना चर्चचं गाणं येत नव्हतं आणि वरातीतलं वाजवायचं धाडस होईना. शेवटी त्यांच्यातला म्हातारा पुढं झाला आणि कार्नेटवर सा, रे, ग, म वाजवायला लागला. त्यांच्या घरात पोराला पहिल्यांदा हेच शिकवतात, अंतोननं शिकवलं तसं. एकेक सूर, लांब, वर चढत गेला आणि तसाच खाली आला. मग सगळ्यांनी मिळून तेच वाजवलं. फादरांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मी आयुष्यात देवळं बघितली, किल्ले बघितले, माझ्या हातानं कळस चढवले. पण अंगावर असा काटा आला नव्हता.

बारावं थडगं राहिलं. टोकाचं, हातभर लांबीचं. त्याचं नाव मामांच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं. हजेरीत नुसतं "बाळ" म्हणायचे. तिथं कुणी नव्हतं. मामा हातात काड्यापेटी धरून त्याच्याकडं बघत उभे होते, आणि सेक्रेटरी वहीत लिहायला लागले होते.

मी गेलो आणि त्याच्यापाशी उभा राहिलो.

फादर म्हणाले, "मेस्त्री, तुमचं काय नातं?"

"मी ह्येचा आजा," मी म्हटलं.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, हे मूल तुमच्या जन्माआधी गेलंय."

"मग? आज्याला वय असतंय, नातवाला कशाला पायजे?" मी काय बोललो ते मलाच कळलं नाही. पण फादरांनी सेक्रेटरींना लिहायला लावलं. आजा.

लोक पांगल्यावर सेक्रेटरी मामांना म्हणाले, "जिंकलात मामा. पण आता एक जागा शिल्लक नाही. उद्या तुम्ही गेलात तर तुम्हाला कुठं ठेवायचं?"

मामा म्हणाले, "मी काय, जाईन कुठंबी. सायकल हाय." सगळे हसले. मी पण हसलो.

पुढच्या वैशाखात मामा गेले. दुपारी जेवून खाटेवर पडले ते उठले नाहीत. लग्न केलं नव्हतं. एक बहीण गडहिंग्लजला. मी फादरांशी भांडलो. म्हटलं, ज्यानं जन्मभर इथं झाडलं त्याला इथं चार हात जमीन नाही? वाट मोडा, भिंत मागं घ्या, भिंत मीच बांधलीय, मीच पाडतो! फादरांनी माझा हात धरला. म्हणाले, "मेस्त्री, दोन नोव्हेंबरनंतर मामा स्वतः माझ्याकडं आले होते. रांग उघडायची नाही आणि वाटही मोडायची नाही, नाहीतर पावण्यांवरून ढांग टाकावी लागेल, असा शब्द घेऊन गेलेत. आणि गडहिंग्लजच्या फादरांना भेटून जागाही बघून आलेत. सायकलवरून."

म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही हसत होतो तेव्हा त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. दोन महिने दारोदार फिरताना, कुत्रं चावलं तेव्हाही, ठाऊक होतं. एकेक थडगं राखताना तो आपली जागा घालवत होता.

मी तडक एस.टी. पकडली आणि मामांच्या आधी गडहिंग्लजला पोचलो. खड्डा काढून ठेवलेला होता. मुरमाड जमीन, खणणाऱ्यांनी घाई केलेली. एक बाजू तिरकी, डोक्याकडं अरुंद. त्यांना वर काढलं आणि पिशवी घेऊन मी उतरलो. ओळंबा सोडला, चारी बाजू तासून सरळ केल्या, डोक्याकडं हातभर रुंद केलं, तळाचे खडे बोटांनी वेचून काढले. अंगातून घाम निथळत होता. वरून खणणारे चौघं म्हणत होते, "आजोबा, हात द्या, वर या, गाडी आली." मी हात दिला नाही. कोपऱ्यात टेकून जरा बसलो आणि चारी बाजू नीट बघितल्या. जागा ऐसपैस झाली होती.