मावशीचं सरपण तोलायला गेले तेव्हा

कॉलेजचं दुसरं वर्ष, आणि रॉकेल मिळेनासं झालेला तो उन्हाळा! सरांनी तक्ता दिला: रेल्वे, कारखाने, शेती, घर, कोण कशावर किती जळण खर्च करतं ते भरा. मी तर हवेतच! चार दिवसांत तीन रकाने भरले. लोणावळा स्टेशनात विजेचे आकडे मिळाले, तळेगावच्या एका कारखान्यात कोळशाचे, आंबीच्या शेतकऱ्यानं इंजिनाचं डिझेल तोंडपाठ सांगितलं. राहिलं घर. त्यासाठी लोणावळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत गेले. विजेच्या जाडजूड तारा वाडीवरून जातात, वाडीत मात्र एक दिवा नाही!

एका मावशीकडे तीन दिवस राहिले. सकाळी तिची लाकडं ताणकाट्यावर तोलायची, संध्याकाळी उरलेली तोलायची, एवढंच काम. घरामागं तिनं डोक्यावरून मोळ्या आणून रचलेली मोठी रास होती. पावसाळ्याचे चार महिने तिच्यावरच काढायचे, कारण तेव्हा रानात कोरडी काटकी मिळत नाही.

पहिल्या दिवसाचा आकडा भलताच मोठा. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा! मी मनात नाचतेय, सर काय खूश होतील!

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण विस्तव मागायला आली. म्हणाली, "काय गं, लगीन काढलंस का घरात? दोन दिस नुसता धूर हाय!"

"गप गं," मावशी म्हणाली. "पाव्हणी हाय. तिला गार पाण्यानं न्हायला लावू व्हय?"

मी वही खाली ठेवली. "मावशी, एरवी चूल किती वेळा पेटवतेस?"

"एकडाव. सांजच्याला. सकाळी तेच उरलेलं खातो."

"आणि चहा?"

"च्या कोन पितंय रोज!"

म्हणजे दोन दिवस मी माझीच आंघोळ, माझाच चहा, माझीच गरम भाकरी तोलत होते! मागं जाऊन बघितलं, तर रास चांगली वीतभर खाली आलेली.

"अगं, मला सांगायचं ना!"

"काय सांगू? तू लाकडं बघाया आलीस. दोन काटक्या जाळून दावल्या असत्या, तर म्हनली असतीस, हिच्याकडं कायबी न्हाई."

दोन्ही आकड्यांवर काट मारली. मग म्हटलं, "आज चुलीला हात लावायचा नाही. कोयता कुठंय?"

"तुला जमायचं न्हाई, पोरी."

जमलंच नाही! पहिल्याच मोळीला मान आखडली, उतारावर दोनदा घसरून बसले, मावशी हसून हसून बेजार. पण दुपारपर्यंत दोघींच्या मिळून चार मोळ्या झाल्या. मावशीनं राशीला हात लावून अंदाज घेतला.

"आजून दोन तरी लागतील. तू जा आता, तुजी गाडी चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं, आणि दोरी उचलली.