डी ड्राइव्हवरची टिक

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात बंगल्यांचे आणि शेडचे नकाशे काढतात. माणसं तीनच: मी, अण्णा आणि स्वप्नाली. नकाशांचं सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरवरून उठून पुण्याच्या सर्व्हरवर गेलं, आम्ही रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे इथं बसून तिथला पडदा उघडून, त्यावर काम करायला लागलो, आणि तेव्हापासून इतके किस्से साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत. त्यातल्या बऱ्याच किश्शांत स्वप्नाली शहाणी ठरते. मला ते आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

*

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी सगळे जुने नकाशे पेनड्राइव्हमध्ये भरले, तो पाकिटात घातला आणि पुण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं दिला. आमच्याकडं औषधापासून चपलेपर्यंत सगळं असंच जातं. मी विचारलं, हे काय केलंत?

"सर्व्हर पुण्याला हाय न्हवं? मग पेनड्राइव्ह हितं घालून काय उपयोग?"

मी पोट धरून हसलो. पण पुण्याचा आयटीवाला स्टँडवर जाऊन ते पाकीट घेऊन आला!

*

मी पडलो हुशार. माझ्या कॉम्प्युटरवरची फाइल मी स्वतःलाच मेल करायचो, मग सर्व्हरवर जाऊन तोच मेल उघडून ती उतरवून घ्यायचो. चार महिने, रोज. साताऱ्याच्या हेड ऑफिसातले आमचे सर म्हणायचे, माणूस मेहनती आहे.

मग तासगावची स्वप्नाली नोकरीला लागली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खुर्चीमागं उभी राहिली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, सर्व्हरला जोडायच्या आधी सेटिंगात ड्राइव्हवर टिक करा की दादा. मी केली. सर्व्हरच्या आत माझ्या कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह, सगळ्या फोल्डरांसकट! अण्णांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी फोनवर तिचं कौतुक केलं. माझ्या चार महिन्यांचं नाव कुणी काढलं नाही. खरं सांगतो, लय जळलो.

*

एकदा मी नकाशा प्रिंटला दिला, तर आमचा प्रिंटर गप्प. थोड्या वेळानं सरांचा फोन आला, तुमचे अकरा कागद इथं साताऱ्यात पडलेत. सर्व्हरला हेड ऑफिसचाच प्रिंटर जोडलेला होता. स्वप्नालीचे कागद मात्र तिच्या हाताशी येत होते. तिनं प्रिंटरवरही टिक केली होती. मला ती आधी का सांगितली नाही, म्हणून मी आठवडाभर तिच्याशी अबोला धरला. मधे तिनं घरचे बेदाणे पुढं केले, तेव्हा मानेनंच नको म्हटलं. ती जेवायला गेल्यावर मूठभर खाल्ले.

मी बोलत नाही, हे तिच्या लक्षातच आलं नाही. ते जास्त लागलं.

*

शिरवळला एका कारखान्याच्या शेडचं मोठं काम आलं. तिथं साइट ऑफिस होणार, त्याला एक प्रमुख लागणार. अशाच एखाद्या खुर्चीकडं मी चौदा वर्षं डोळे लावून बसलो होतो. सर माझ्यात आणि स्वप्नालीत एकाला निवडणार होते.

मी माझ्या डी ड्राइव्हवर एक फाइल केली, 'स्वप्नालीच्या चुका'. सर्व्हरवरचे जुने नकाशे उघडायचे, चूक दिसली की लिहायची. आठ जमल्या. फाइल सोयीसाठी सर्व्हरमध्येच उघडी ठेवायचो.

शिरवळच्या कामाचं लॉगिन मात्र माझ्यात आणि सरांत एकच होतं. त्यांनी जोडलं की माझ्याकडचं तुटायचं, आणि मी जे उघडं ठेवलं असेल ते जसंच्या तसं त्यांच्यापुढं यायचं.

निवडीच्या दिवशी आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. माझा कॉम्प्युटर सांगलीत चालूच राहिला होता. सरांनी शेडचा नकाशा भिंतीवर दाखवायला लॉगिन केलं आणि माझी फाइल भिंतभर पसरली.

सरांनी चष्मा लावला. एकेक ओळ सावकाश वाचली. स्वप्नालीही वाचत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सरांनी तिला विचारलं, यातलं खरं किती?

"सात खऱ्या हायत, सर," ती म्हणाली. "पाचवा नकाशा दादांचा हाय. तवा मी नोकरीला न्हवते."