खळ नसलेली वेष्टी

कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. माझी फजिती ऐकताना चहा सांडला तर मी जबाबदार नाही!

मी दक्षिणेत, पेरुंगुडीला राहतो आणि स्वयंपाकघरातले प्रयोग वहीत टिपून ठेवतो. मध्यंतरी वाचलं, की स्टार्चचा रेणू स्प्रिंगसारखा वेटोळं घालतो, आणि आपण घरच्या आइस्क्रीमला वापरतो त्या जीएमएस पावडरीची तेलकट शेपटी त्या वेटोळ्यात शिरून बसते. म्हणून भात चिकटत नाही. डोळ्यांना न दिसणारी मिठी, आणि तीही आपल्या पातेल्यात! अंगावर काटा आला हो.

लगेच भाताच्या उकळत्या पाण्यात चमचाभर पावडर. शीत न् शीत सुटं! मग रोजच घालू लागलो, गुपचूप.

आठवड्यानं बायको म्हणाली, "अहो, भात गाळून काढलेल्या या कांजीत दमच नाही. लेकीच्या साखरपुड्याला नेसायच्या तुमच्या वेष्टीला खळ कशाची देऊ?" वेष्टी म्हणजे इकडचं लुंगीसारखं नेसायचं पांढरं धोतर.

"तांदूळच भेसळीचा!" मी कांजीचा डबा घेऊन थेट वाण्याच्या दुकानात. इकडे वाण्याला 'अण्णाची' म्हणतात. "अण्णाची, फसवलंत!"

"अय्यो सार, तांदूळ जुना, चांगला आहे. भातात काय घातलंत?"

"काही नाही!" पावडर भाताची होती, कांजीशी तिचा काय संबंध?

बायकोनं वेष्टी त्याच कांजीत तीनदा बुडवली.

लेकीचा साखरपुडा. समोर व्याही, विहीणबाई. मी नारळाचं ताट घेऊन उठलो, आणि लोण्यासारखी मऊ वेष्टी सुळकन कमरेखाली! एका हातात ताट, दुसऱ्यात वेष्टी. व्याही छताचा पंखा निरखू लागले. लेकीनं डोळे मिटले.

आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, मला उमगलं. स्टार्चनं पावडरीला इतकं घट्ट धरलं होतं, की पाण्यात उतरून कापडाला धरायला तो उरलाच नाही!

"केवढा थोर रेणू!" मी मोठ्यानं म्हणालो.

"थोर आहे हो, पण आधी वेष्टी धरा!" बायको.

आमंत्रणाची पत्रिका भांडणाआधीच गेली होती, म्हणून अण्णाची आले होते. ते धावले, कमरेचा हिरवा पट्टा सोडून मला बांधला.

"अण्णाची, आणि तुमची वेष्टी?"

"माझी पडत नाही, सार. तिला माझ्याच तांदळाची खळ आहे!"

व्याही इतके हसले, की अंगठ्या घालायला थोडं थांबावं लागलं.

घरी येऊन वहीत लिहिलं: प्रयोग यशस्वी. अण्णाचींना पट्टा परत करणे. त्याआधी माफी मागणे. जाताना पँट घालणे.