ताईत गेला अन् कोड आलं

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा चहाचा कप आधी खाली ठेवा. माझ्या लग्नाच्या वेळी मी जो उजेड पाडला, तो सासुरवाडीत अजून कुणी विसरलेलं नाही.

जर्मनची लढाई नुकतीच सुरू झाली होती. मी आसेगावचा, घरची शेती, आणि शेलूबाजारचं स्थळ सांगून आलं होतं. जवळजवळ ठरलंच होतं. मुलीकडची माणसं मला बघून जाणार, तेवढंच उरलं होतं.

अशात विहिरीत पोहताना माझ्या दंडावरचा ताईत गळून पडला. लहानपणी मला फार ताप यायचा म्हणून आईनं तो बांधला होता. वर येऊन पाहतो तर ताईताच्या जागी पांढरा डाग.

इतकी वर्षं ताईत काहीतरी अडवून बसला होता, तो गेला आणि कोड आलं. तुम्हीच सांगा, दुसरं काय वाटणार? कोड असलेल्या पोराला तेव्हा मुलगी कोण देत होतं? शिवाय घरात धाकटी बहीण. माझ्यापायी तिचंही लग्न अडलं असतं.

मी गुपचूप डागावर फडकं बांधलं. आईनं विचारलंच, "हाताले काय झालं रे?"

"बैलानं शिंग मारलं."

"कोन्त्या बैलानं?"

"ढवळ्यानं."

बिचारा ढवळा. आईनं त्या दिवसापासून त्याची सरकीची ढेप बंद केली.

चैत्राचं ऊन, अंगात बिनबाह्यांची बंडी आणि दिवसभर शेतात वखर हाकणं. पंधरा-वीस दिवसांनी फडकं सोडलं, तर डाग फडक्याएवढा झालेला. मी रुंद फडकं बांधलं, तर डागही रुंद झाला. शेवटी आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून कोपरापासून खांद्यापर्यंत गुंडाळली. वैशाखात बघतो तर डाग कोपरापासून खांद्यापर्यंत.

आणि कोड तरी किती शिस्तीचं! फडक्याच्या काठाबाहेर सूतभर जायचं नाही. यावरून माझ्या हुशार डोक्यानं काय काढावं? तर हे फडकंच त्याला अडवून धरतंय. मग मी ते झोपेतही सोडीना. आडवं पडलं की वाटायचं, उद्या हे गळ्यावर येईल, परवा तोंडावर.

पाहुणे आले. मुलीचे वडील आणि मामा. मामा वैद्य आहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आई म्हणाली, "बैलानं शिंग मारलं जी, जखम भरूनच नाई राह्यली."

"आन इकडं, पाहू दे," मामा मला म्हणाले.

"नाई जी, बरं हाय आता."

"बरं हाय तं मंग बांधलं काहून?"

त्यांनी गाठीला हात घातला. डोळे मिटून मी रडतच म्हणालो, "मामा, कोड हाय. पोरगी नका देऊ, पन कोनाले सांगू नका. माह्या बहिनीचं लगन व्हायचं हाय."

आई मटकन खाली बसली. मामांनी पट्टी सोडली, अंगठ्यानं दंड चोळला, उजेडात धरून निरखला.

"डागावरचे केस तं काळेच हायेत, कोडात ते बी पांढरे होतेत," ते म्हणाले. "बंडी वर कर."

मी केली.

"आता पाह्य खाली."

पाहिलं. पोट दंडाहून गोरं होतं.

"मंग हे बी कोडच का?"

मी बंडी खाली ओढली.

"बापू, ऊन लागते तिथं कातडं काळं पडते, झाकलं तिथं गोरं राह्यते. खरं कोड असतं तं बावचीचं औषध लावून उन्हात बसवलं असतं. तुले तं बावची बी नाई लागत. फडकं फेक अन् उन्हात फीर."

मुलीच्या वडिलांना हसू आवरेना. आईनं कपाळावर हात मारला आणि पाहुण्यांना तसंच सोडून गोठ्यात गेली, ढवळ्याला ढेप घालायला.

लग्न झालं. मामांच्या पोटात ही गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. बायको माझ्याशी पहिल्यांदा बोलली तीच दंडाकडे बघून.

"मले गोरा नवरा पायजे होता," ती म्हणाली. "दंडापुरता भेटला, तं तो बी मामानं उन्हात घालाले लावला."