मुंगीएवढं ‘मिळेल’

बाजारातल्या निम्म्या पाट्या मावशींच्या हातच्या. बाई पाट्या रंगवते म्हणून सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली, मग तीच नाकं वर करून पाट्या वाचायला लागले! अशा मावशी फसल्या त्या बेकरीवाल्याच्या पाटीवर. लिहायचं होतं ‘गरम ब्रेड मिळेल’. ‘गरम’ ठसठशीत, ‘ब्रेड’ जरा अंग चोरून, आणि ‘मिळेल’ मुंगीएवढं.

बेकरीवाला भला माणूस. म्हणाला, “चालेल हो मावशी.” त्या ‘चालेल’नं मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

लेक मावशींना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी हात वाकवून पाहिले, चालवून पाहिलं आणि पार्किन्सन्स आहे म्हणून सांगितलं. हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत चालल्या होत्या. हाताची थरथर त्याचीच, अक्षर आक्रसतं तेही त्यामुळेच. गोळ्यांनी हात सैल होईल, पण मेलेली पेशी काही परत येत नाही.

“आणि उरलेल्या?” मावशींनी विचारलं.

“त्यांना जगवणारी, वाढवणारी प्रथिनं शरीरातच असतात. ती मेंदूत नेमक्या जागी पोचवायचे प्रयोग चाललेत. पण औषध म्हणून अजून मिळत नाही.”

“म्हणजे पाटी लागलीय, माल यायचाय!”

डॉक्टरीणबाई हसल्या. लेक मात्र रडकुंडीला आली. घरी आल्यावर तिनं सरळ सांगितलं, “आई, पुरे आता. बेकरीवाल्याला छापील बोर्ड करून देऊ.”

“एकदा पुन्हा लिहिते. बिघडली तर ब्रश चुलीत घाल, मी चकार शब्द काढणार नाही. पण तोवर माझ्या हाताला हात लावायचा नाही!”

बोलल्या खऱ्या, पण मनात आलंच: ब्रश गेला तर मग दिवसभर करायचं काय?

पाटी जमिनीवर ठेवून त्यांनी खडू लावलेली दोरी ताणली आणि फटकन सोडली. वरची रेघ सरळ उमटली. खालची मात्र त्यांनी मुद्दाम तिरकी मारली, शेवटाकडे उतरत जाणारी.

“ही कसली रेघ?” लेक म्हणाली.

“हात चोर झालाय. अक्षरागणिक माप मारतो. म्हणून शेवटी जागा जास्त दिली. रेघेला टेकल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, बस्स!”

‘मिळेल’च्या मध्यावर हात थिजला. लेक पुढे सरकली.

“मागे हो!” मावशी तिच्यावर खेकसल्या, मग स्वतःच्या हातावर. “चल रे मुडद्या, खाली उतर!”

उतरला मुकाट्यानं.

पाटी लागली. हातानं या खेपेला चोरी केलीच नव्हती, त्यामुळे ‘गरम’पेक्षा ‘ब्रेड’ दांडगं आणि ‘मिळेल’ तर रस्त्याच्या पार टोकापर्यंत ओरडत होतं. बेकरीवाल्यानं मान खाजवली. “मावशी, शेवटचं जरा जास्तच मोठं झालं की!”

“होऊ दे. लोकांना आधी तेच वाचू दे.”

बिघडली म्हणायची की नाही? लेक पाटी वाचून घरी आली. मग तिनं ब्रश उचलला, टर्पेंटाइनमध्ये नीट धुतला, फडक्यानं पुसला.

“आई, उद्या कुणाची पाटी?”