महिपतचा हात आणि धर्माजीचा चेहरा

महिपत शिवगणच्या हाताला गुण आहे, असं भाईंदर पश्चिमेला त्याच्या गल्लीत सगळेच म्हणत. हा गुण वैद्याचा नव्हे, थपडेचा. टीव्हीवर मुंग्या आल्या की तो आखाड्यात उतरल्यासारखा श्वास भरून घ्यायचा आणि डब्याच्या उजव्या बाजूला, वरून चार बोटं खाली, अशी एक ठेवून द्यायचा की बातम्या देणारी बाई सरळ होऊन बसायची. मिक्सरला बुक्की, फ्रिजला गुडघा, आणि शेजारच्या दुकानातल्या हंसाबेनच्या शिलाई मशीनला चप्पल.

"महिपतभाई, जरा आके मारो ने," अशी तिची हाक आली की हा हातातला चहा ठेवून मारायला जायचा. "मशीन म्हणजे आळशी माणूस," तो म्हणायचा. "समजावत बसलात की दिवस गेला."

जन्म रत्नागिरीकडचा, तरुणपण लालबागच्या एका छापखान्यात पायाने यंत्र हाणण्यात गेलेलं. छापखाना बंद पडला तेव्हा त्याने भाईंदरला घर घेतलं आणि खाली एका गाळ्यात 'उर्मिला ग्राफिक्स' उघडलं. उर्मिला म्हणजे बायको. दुकानाला आपलं नाव दिलं म्हणून ती आठवडाभर खूश होती. मग कळलं की झाडूही आपल्यालाच मारायचाय.

दुकानात एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि बाहेरून जोडायची विटेएवढी हार्ड डिस्क, अशी तिघं एका जाड केबलवर एकामागोमाग बांधलेली होती. सगळं काम त्या विटेत साठवलेलं. दुकान जळलं तरी चालेल, वीट वाचली पाहिजे, असा प्रकार.

सत्त्याण्णवच्या दसऱ्याच्या तोंडावर जवळच्या मुर्धा गावच्या कबड्डी मंडळाची स्मरणिका हातात होती. मंडळाचा पुढारी धाकू म्हात्रे. मांडी आणि मान एकाच मापाच्या. हस्तांदोलन केलं की समोरच्याने आपली बोटं मोजून घ्यावीत. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्याचा थोरला भाऊ धर्माजी यायचा होता. मंडळाचा पहिला कप्तान, जो होडी घेऊन समुद्रात गेला तो आलाच नाही. त्याचा जगात एकच फोटो, घरातला, काचेच्या फ्रेममधला. आई रोज तिन्हीसांजेला त्याच्यासमोर दिवा लावायची. धाकूने तो दसऱ्याच्या आदल्या रात्री, दिवा लावून झाल्यावर, आईच्या नजरेआड आणून दिला आणि बजावलं, "उद्या दुपारी परत. आयला कळाय न्हाय पायजे."

फोटो काचेला चिकटला होता. महिपतने काचेसकट स्कॅन केला, तर कपाळावर उजेडाचा एक पट्टा आला. त्याला ते पटेना.

"अहो, ओढू नका, पाण्यात भिजवून काढू," उर्मिला म्हणाली.

महिपतने ओढला. कागद हातात आला, चेहरा काचेवर राहिला. काच पुसायला गेला तर तोही पापुद्र्यांनी झडला. आता धर्माजी फक्त विटेत उरला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उर्मिलाने सगळं बंद करून यंत्रांची पूजा केली: झेंडू, अक्षता, हळदकुंकू. "पुढून काही फासू नकोस, यंत्राचा दिवा झाकला जातो," अशी महिपतची ताकीद होती. तीही तिने पाळली.

पूजा झाल्यावर त्याने कॉम्प्युटर लावला. विटेचा दिवा पेटला, आत घरघरही झाली, पण पडद्यावर तिचा पत्ता नाही. बंद केला, लावला. नाही. केबल काढली, घातली. नाही. भाईंदरच्या खारट हवेत नवी कडी महिन्याभरात गंजते, म्हणून केबलच्या पिना स्पिरिटने पुसल्या. नाही. मग त्याने श्वास भरून घेतला आणि हात उचलला. उर्मिलाने मनगट धरलं.

"आधी अंधेरीला फोन करा."

अंधेरीचा दुरुस्तीवाला फोनवर ओरडलाच. "मारू नका हां! आत तबकडी फिरतेय, ओरखडा गेला की संपलं. मागे एक बटण आहे, ते दाबलं की शेजारच्या खिडकीतला नंबर बदलतो. तो कोणी बदललाय?"

"माझ्या दुकानात माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

"मग सोमवारी घेऊन या."

फोन ठेवला, आणि दारात धाकू उभा. "फोटू दे."

महिपतने रिकामी फ्रेम पुढे केली. धाकूने ती उलटीसुलटी पाहिली, मागे पाहिलं, जणू भाऊ तिथे लपला असेल. "कुठं हाय?"

"फाटला. पण कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे होता. म्हणजे..."

फ्रेम काउंटरवर आपटली. काचा थेट हंसाबेनच्या पायरीपर्यंत उडाल्या. धाकूने महिपतची कॉलर धरून त्याला काउंटरवरून असा ओढला की शर्टाची बटणं आणि नुकत्याच वाहिलेल्या अक्षता एकदमच सांडल्या. महिपतनेही सवयीने हात चालवला: उजव्या बाजूला, वरून चार बोटं खाली. पण धाकू टीव्ही नव्हता. तो सुधारला नाही. त्याने डोक्याने महिपतच्या नाकावर एक दिली, रक्ताची धार लागली. मग कंबर धरून उचलला आणि कबड्डीच्या मैदानावर आपटतात तसा टेबलाशेजारी आपटला. खुर्ची मोडली. उर्मिलाने झाडू घेतला आणि धाकूच्या पाठीत घालत सुटली. "सोड! सोड त्यांना, रेड्या!" बाहेरून हंसाबेन कात्री नाचवत ओरडत होती, "अरे मारो मत! त्योहार का दिन छे!"

धाकूने ती वीट केबलमधून हिसकली, दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि भिंतीकडे वळला.

"धाकू!" जमिनीवरून महिपत ओरडला. "धर्माजी आहे त्यात!"

धाकू थिजला. डोक्यावरची वीट तशीच. मग ती हळूहळू खाली आली, छातीशी, तान्हं मूल धरावं तशी. पाठीत झाडू बसतच होता. त्याला समजलाही नसावा.

महिपत टेबल धरून उठला, तेव्हा विटेची मागची बाजू त्याच्या डोळ्यांसमोर होती. तिच्यावर तांबडा ठिपका. आपलंच रक्त उडालं, असं वाटून त्याने बोट लावलं. सुकं. कुंकू होतं, वर तांदळाचा दाणा चिकटलेला, आणि बरोब्बर त्या बटणावर! बाजूच्या खिडकीत नंबर पाच. स्कॅनरचाही पाचच.

"उर्मिला, तू याला हात लावलास?"

"मी कशाला लावू?" ती झाडू खाली घेत म्हणाली. "कुंकू लावलं. पुढून नको म्हणालात, म्हणून मागून. जरा दाबूनच लावलं, नीट बसायला."

महिपतने कपाळाला हात लावला. "अगं, एका केबलवर दोघांचा एकच नंबर! एकाच सोसायटीत दोन घरांना पाच नंबर दिला, तर पोस्टमन कुणाची बेल वाजवेल?"

सगळं बंद केलं. बॉलपेनच्या टोकाने महिपतने ते बटण दाबलं. उभ्या जन्मात त्याने कुठल्या यंत्राला इतक्या हळू हात लावला नव्हता, तरी मागून धाकूचं चालूच, "हलू रं, हलू." नंबर सहा आला. वीट जोडली, कॉम्प्युटर लावला. नाकातून रक्त टपकतच होतं.

पडद्यावर वीट उमटली. मग धर्माजी उमटला: मिशी, बनियन, कपाळावर उजेडाचा पट्टा.

"तो पट्टा काढायचा होता," महिपत पुटपुटला.

"ऱ्हाऊ दे," धाकू म्हणाला. "खेलून आला का असाच घामेजलेला दिसायचा."

तिन्हीसांजेच्या आत दोघं फोटो छापून, नव्या फ्रेममध्ये घालून मुर्ध्याला पोचले. म्हातारीने आधी फोटो पाहिला, मग महिपतचं वांग्याएवढं नाक.

"याला कोनी मारला?"

धाकू छपराकडे बघत राहिला. महिपतने मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, ओढल्याचंही सांगितलं. म्हातारी शांतपणे उठली. एक धाकूला, पाहुण्यावर हात टाकला म्हणून. आणि एक महिपतला, फोटो ओढला म्हणून. दोन्ही उजव्या बाजूला, वरून चार बोटं खाली.

मग तिने दिवा लावला.